आमेन होईपर्यंत

शिवाजीनगर, बेंगळुरू
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

सलाम. आपल्या घरच्या पत्रांत ‘ख्रिस्तात सप्रेम सलाम’ लिहायची पद्धत आहे. माझ्याकडून तूर्त नुसता सलाम. तू, वहिनी आणि सिद्धी बरे असाल. इकडे थंडी पडायला लागली आहे. तू माझा फोन उचलत नाहीस आणि मेसेज वाचून सोडून देतोस, म्हणून हे कुरियरने पाठवते आहे. कुरियरला निदान सही तरी करावी लागते.

काल आमच्या उपासनेत जे झालं त्याचा व्हिडिओ कोणीतरी तुला पाठवेलच. त्याआधी हे तुझ्या हातात असावं.

१. मराठी उपासना दुपारी ४ वाजता सुरू झाली. जागा तामीळ मंडळीचा हॉल, तळमजला. हजर तेवीस, माझ्यासकट.
२. ४.३१ ला शांतवनकाकांनी प्रार्थना सुरू केली.
३. ४.३७ ला आठ अनोळखी पुरुष आत आले. एकाच्या हातात काठीला लावलेला फोन.
४. कन्नड आणि हिंदीत घोषणा. आरोप, धर्मांतर.
५. बाजाची पेटी उचलून आपटली. गीतांच्या पुस्तकांच्या सात प्रती फाडल्या.
६. एक व्यक्ती पडली.
७. ४.४१ ला प्रार्थना संपली.
८. ४.४४ ला ते लोक गेले.
९. ४.५८ ला पोलीस आले.

वेळा माझ्या घड्याळाच्या आहेत. होसकोट्याच्या कारखान्यात दिवसभर प्रेशर गेज बरोबर दाखवतात की नाही हे तपासत असते, त्यामुळे रविवारीही मोजणं सुटत नाही. आईला मी दर रविवारी सोडायला जाते आणि शेवटच्या खुर्चीवर बसते. प्रार्थनेच्या वेळी माझे डोळे उघडे असतात. चार वर्षं झाली. आईला माहीत आहे, पण ती बोलत नाही, आणि ती बोलत नाही हे मलाही माहीत आहे.

शांतवनकाका तुला माहीत नाहीत. रेल्वेतून निवृत्त झालेले वडीलधारे गृहस्थ आहेत, मंडळीची प्रार्थना तेच करतात आणि प्रार्थनाही मालगाडीसारखी करतात. प्रत्येक स्टेशनवर थांबा. आधी बेंगळुरू, मग कर्नाटक, मग महाराष्ट्र, मग भारत सरकार, मग आजारी माणसं नावानिशी, मग परीक्षेला बसलेली मुलं. गेल्या अठ्ठावीस रविवारांची सरासरी अकरा मिनिटं चाळीस सेकंद आहे. आपल्या लोकांची शिस्त तुला माहीतच आहे. एकदा डोळे मिटले की छत कोसळलं तरी आमेन होईपर्यंत कोणी उघडत नाही.

काल काका भारत सरकारपर्यंत पोचले होते, तेव्हा दार उघडलं. काकांना वाटलं, सर्जापूर रोडची मंडळी आली. ती नेहमी उशिरा येतात आणि कारण नेहमी ट्रॅफिक असतं. काका डोळे न उघडताच म्हणाले, “प्रभू, उशिरा आलेल्यांनाही तू माघारी पाठवत नाहीस, याबद्दल आभार.” मंडळी म्हणाली, “होय प्रभू.”

आलेल्यांनी घोषणा दिली. काकांनी आवाज चढवला. त्यांनी आणखी मोठ्याने दिली. काका म्हणाले, “आणि या तरुणांच्या गळ्यात तू किती बळ दिलं आहेस!”

हे धैर्य होतं की गैरसमज, हे मी काकांना नंतर विचारलं. ते म्हणाले, “पहिली दोन मिनिटं गैरसमज.”

मला हसू येत होतं, हे लिहून ठेवते. येऊ नये अशी जागा होती. पण दादा, ती माणसं खरंच अडचणीत आली होती. दरडावायला समोरच्याचे डोळे लागतात. लाल टी-शर्टवाला, तोच म्होरक्या होता, एकेकाच्या तोंडासमोर जाऊन “आँखें खोलो!” म्हणून ओरडत होता, आणि पुढची बाई डोळे मिटून “होय प्रभू” म्हणत होती. फोनवाला फोन फिरवत होता. त्यात काय दिसणार? बावीस माणसं शांतपणे बसलेली.

मग त्याला मी दिसले. एकटीचे डोळे उघडे.

“ये कब खतम होगा?” त्याने मला विचारलं.

“अजून पाच मिनिटं,” मी म्हणाले. “आजारी माणसं बाकी आहेत. बसा.”

मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांच्यातले दोघे खरोखर बसले. त्यांच्या पायांत चपला नव्हत्या, हे मला तेव्हा दिसलं. आमच्या चपला दाराबाहेर रांगेने होत्या, तर सवयीने आठही जणांनी स्वतःच्या तिथेच काढल्या होत्या. उपासना मोडायला आलेली माणसं अनवाणी आली होती.

बसलेल्या दोघांना पाहून लाल टी-शर्टवाला चिडला, आणि तिथून पुढे गंमत संपली. त्याने पेटी उचलून आपटली. काका गप्प झाले. कोणीतरी पुस्तकं फाडू लागलं. तो दुसऱ्या रांगेत घुसला, खुर्ची ढकलली, आणि खुर्चीवरची व्यक्ती डाव्या हातावर पडली.

क्रमांक सहा म्हणजे आई.

डाव्या मनगटाचं हाड मोडलं आहे. हाड जागेवर आहे, ऑपरेशन नाही, प्लास्टर सहा आठवडे. बाकी कुठे इजा नाही. एक्स-रे मी स्वतः पाहिला. ही ओळ पहिल्या पानावर यायला हवी होती, हे मला कळतं. तू पुढचं वाचावंस म्हणून ती इथे ठेवली.

आता पुढचं. हे पत्र त्यासाठीच आहे.

मी तिच्याजवळ गेले. ती फरशीवर कुशीवर पडली होती, हात पोटाशी धरलेला, ओठ पांढरे. आणि डोळे मिटलेले. मला वाटलं, शुद्ध गेली. मी म्हणाले, “आई, डोळे उघड.” तिने मान हलवली. मी पुन्हा म्हणाले. तर ती अगदी हळू, चारचौघांत आपण बोललो तर दटावायची तशा आवाजात म्हणाली, “आमेन कुठे झालंय?”

मी वर पाहिलं. काका उभे होते, हात जोडलेले, तोंडातून शब्द फुटत नव्हता. सगळा हॉल डोळे मिटून त्यांच्यासाठी थांबला होता. मध्ये ती आठ माणसं, पेटीचे तुकडे, कागद, आणि बावीस जण आमेनची वाट बघताहेत.

म्हणून मी म्हणाले. मोठ्याने. “आमेन.”

याचा फार अर्थ काढू नकोस. आईने डोळे उघडायला हवे होते आणि त्याला दुसरा उपाय नव्हता. पण म्हणाले, हे खरं.

एकदम सगळ्यांनी डोळे उघडले आणि त्या आठ जणांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या बसलेल्या दोघांपैकी एकजण उठून कन्नडमध्ये म्हणाला, “अज्जी पडली रे,” आणि फोनवाल्याने फोन खाली केला. मग ते निघाले. निघाले म्हणजे दारात तीन मिनिटं अडकले, कारण एकतीस जोड एकत्र झाले होते. एकजण काकांचे नवे बूट घालून गेला. त्याची निळी चप्पल मागे राहिली, नऊ नंबर.

जबाब हेड कॉन्स्टेबल वेणुगोपाल यांनी घेतला. मी आठही जणांची वर्णनं दिली. ते म्हणाले, “मॅडम, मध्यम उंची लिहितो.” मी म्हणाले, “एकशे बहात्तर सेंटिमीटर. दाराच्या चौकटीशी मापलं.” त्यांनी पेन ठेवलं आणि विचारलं, “सगळ्यांचे डोळे बंद होते. तुमचे उघडे कसे?”

“मी प्रार्थना करत नव्हते,” मी म्हणाले.

“मग इथे का येता?”

मी त्यांचं पेन त्यांच्या हातात परत दिलं. हा प्रश्न त्यांनी लिहून घेतला नाही. वॉर्डाची निवडणूक येणार म्हणतात, तर ते सहज बोलून गेले, “एलेक्शन आलं की सगळ्यांना व्हिडिओ हवा असतो, मॅडम. तुम्ही स्वल्प सांभाळून राहा.” जबाबावर मी पूर्ण नाव आणि पत्ता लिहून सही केली. सगळी माणसं मी ओळखू शकते. ओळखून दाखवू का, असं आईला विचारलं, तर म्हणाली, “पाहिलंस ते सांग. सेंटिमीटर जरा कमी सांग.”

आमच्या घरमालकीण भागीरथीबाई दवाखान्यात आल्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांचं घराणं तीन पिढ्या याच शहरात शिवणकामाच्या धंद्यात आहे. आई त्यांना अक्का म्हणते. देवघरातला दिवा तसाच ठेवून, रिक्षा करून आल्या. चपलांची हकिगत ऐकून त्यांना भयंकर राग आला. “म्हणजे देवाचं घर आहे हे कळत होतं ना त्या मेल्यांना? कळून हे केलं? अय्यो, न कळता केलं असतं तर सोडलं असतं मी!”

मग त्या आईवर घसरल्या. “आणि तू गं! डोळे तरी उघडायचेस! कोण पाडतोय ते तरी दिसलं असतं!”

“प्रार्थना चालू होती, अक्का. आमेनच्या आधी कसे उघडायचे?”

“आणि कोणी म्हटलंच नाही, तर बसणार होतीस तशीच?”

आई प्लास्टरकडे बघत होती. म्हणाली, “ह्यांनी आमेन म्हटलं नव्हतं, त्या दिवशी. तेव्हा बसलेच होते. खूप आवाज झाला, काहीतरी पडलं, मग आवाज थांबला. मला वाटलं, ह्यांचं अजून व्हायचंय. मग शंतनूने येऊन खांदा हलवला.”

भागीरथीबाई पुढे वाकल्या. “सरी,” म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. मी बाहेर जाऊन औषधाची चिठ्ठी तीनदा वाचली.

दादा, पप्पांच्या खटल्यात आई पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली होती, “मी कोणालाच पाहिलं नाही, हे प्रार्थना करत होते, माझे डोळे मिटलेले होते.” समोरच्या वकिलाने विचारलं होतं, “साडेतीन मिनिटं? नवऱ्याला पाइपने मारताहेत आणि तुमचे डोळे बंद?” आणि मागच्या बाकांवर लोक हसले होते. पाचही जण सुटले. कोर्टाच्या पायऱ्यांवर तू तिला म्हणालास, “क्षमा करायची होती तर घरी करायची. शपथ घेऊन खोटं कशाला?” दोन वर्षं तू तिच्याशी बोललेला नाहीस. त्या केससाठी तू किती रजा घेतल्यास, किती फेऱ्या मारल्यास, ते मी विसरलेले नाही.

पण तू एक गोष्ट धरून चालला आहेस. तुला वाटतं, मी आईच्या बाजूने होते. मी नव्हते. मलाही वाटत होतं की ती खोटं बोलली. मी तिच्यासोबत राहिले, तिच्या हातचं जेवले, तिला दर रविवारी सोडायला गेले, आणि सगळा वेळ मनात म्हणत होते, हिने पाहिलं होतं. तू निदान तोंडावर बोललास.

काल मी मोजलं. खुर्चीवरून खाली पाडलं, हाड मोडलं, तरी ते लोक आत आल्यापासून आमेनपर्यंत चार मिनिटं. डोळे मिटलेलेच.

पप्पा गेले त्या दिवशी मी इथे बेंगळुरूला होते. ते मारणारे गेल्यावर आत पहिल्यांदा तू गेलास. तू तिचा खांदा हलवलास तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते की उघडे, हे जगात फक्त तुला माहीत आहे. कोर्टात हे तुला कोणी विचारलं नाही. मी विचारते आहे. तू तेव्हा पप्पांकडे बघत असशील आणि तुला आठवतच नसेल, तर तेही उत्तर आहे.

बाकी बातम्या. येत्या रविवारी, १६ तारखेला, उपासना त्याच हॉलमध्ये, त्याच वेळी आहे. सर्जापूर रोडच्या मंडळींनी ऑनलाइन घेऊ म्हणून सुचवलं होतं. आई म्हणाली, ती जाणारच, ज्यांना ट्रॅफिक आहे त्यांनी ऑनलाइन राहावं. आता सगळे येताहेत, आणि म्हणे वेळेवर. तामीळ मंडळी त्यांची पेटी देणार आहे. भागीरथीबाई दाराशी खुर्ची टाकून बसणार आहेत. त्यांना म्हटलं, अक्का, तुमचा काय संबंध, तर म्हणाल्या, “भाडेकरू माझी आहे.” काकांचं ब्लडप्रेशर वाढलं आहे, म्हणून प्रार्थना आई करणार. हॉलबाहेर पोलीस असतील असं सांगितलं आहे. ते लोक पुन्हा येणार नाहीत असं कोणीही सांगितलेलं नाही. आई घाबरली आहे. रात्री दोनदा दाराची कडी तपासते. तरी जाणार आहे.

पुण्याहून शनिवारी निघालास तर रविवारी सकाळी पोचशील. झोपायची सोय माझ्या खोलीत आहे, मी आईच्या खोलीत झोपेन. यायचं नसेल तर येऊ नकोस. मी आग्रह करत नाही.

मी तुला लिहिलं हे आईला सांगितलेलं नाही. वर जे विचारलं आहे त्याचं उत्तर शुक्रवार, १४ नोव्हेंबर, संध्याकाळी सहापर्यंत हवं. ते मला कळवू नकोस. तिला फोन कर. नंबर तोच आहे, आणि उजव्या हाताने तिला फोन उचलता येतो.

तुझी,
वीणा