तुमचं लुगडं आणि तुमची म्हैस

आत्याबाई,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मला तुमचा राग अजून येतो, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसावर किती दिवस रागवायचं, असं हे मला विचारतात. हे म्हणजे तुमचे चिरंजीव. त्यांना विचारायला काय जातंय? गेलेल्या माणसाचं लुगडं रोज सकाळ-संध्याकाळ अंगाला गुंडाळून म्हशीखाली त्यांना थोडंच बसावं लागलं? चौदा वर्षं मी तुमचं ते हिरवं नऊवारी वापरलं, काठ गेलेलं, पदराला भोकं पडलेलं. माझ्या लग्नातला शालूसुद्धा माझ्या अंगाला एवढा लागला नसेल.

मी लग्न होऊन राहू गावी आले त्याच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट तुम्हाला आठवत नसणार, कारण बोलणाऱ्याला आठवत नसतं. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, वढूच्या पलीकडचं. तिथं दोन शेळ्या होत्या, म्हैस नव्हती. इथं भीमेच्या कडेला बारमाही पाणी, ऊस, गोठ्यात म्हैस. म्हटलं नवी सून आहे, कामाला मागं नाही हे दिसू द्यावं. पहाटे उठून चरवी घासून गोठ्याच्या दारात उभी राहिले. तुम्ही म्हशीच्या अंगाला टेकून धार काढत होता. मान वळवली नाहीत. "भाईर हो. माझ्या म्हशीला परकं माणूस चालत न्हाई," एवढंच म्हणालात. बरं, चालत नाही तर नाही. पण मग शेण काढायला मी चालत होते. उसाचं वाढं डोक्यावरून आणायला, कुट्टी करायला, पेंड भिजवायला, उन्हाळ्यात अंगावर पाणी मारायला, रेडकू चुकार झालं तर उसातून शोधून आणायला मीच. त्या सगळ्या वेळी तुमच्या म्हशीला माझा वास खपत होता. फक्त कासेला हात लावायची वेळ आली की मी परकी. दोन मुलं झाली, पोरगं माझ्या खांद्याला लागलं, तरी मी परकीच.

आणि ते बाळंतपण. पहिलंच, म्हणून माहेरी होते. अडलं, शिरूरला दवाखान्यात नेलं, पोट फाडावं लागलं. माझ्या आईचं बीपी वाढून ती शेजारच्याच खाटेवर आडवी झालेली. मी तुमची वाट बघत होते, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही कडक होता, पण तुम्ही दारात उभ्या राहिलात की नर्स, डॉक्टर, नातेवाईक सगळे नीट वागतात हे मला माहीत होतं. सासरे म्हणून आप्पा एकटेच आले. टोपी हातात घेऊन खाली बघत म्हणाले, ती म्हणली, म्हशीचं कोण बघंल? तुमची म्हैस आणि मी एकाच आठवड्यात बाळंत झालो आणि तुम्ही तिच्यापाशी थांबलात. आठव्या दिवशी आलात ते स्टीलच्या डब्यात खरवस घेऊन. गूळ घातलेला, जायफळ किसलेलं. जवळ बसून मला चमच्या-चमच्यानं भरवलात. तो खरवस मी खाल्ला आणि तो फार चांगला झाला होता, याचाच मला जास्त राग आला. वाईट असता तर बरं झालं असतं, नुसतं रागावता आलं असतं.

मग तुम्ही गेलात. ऊसतोडीचे दिवस, पाटसच्या कारखान्याच्या गाड्या रस्त्यानं चाललेल्या आणि तुम्ही अंगणात वैरणीच्या पेंढीवर बसल्या बसल्या कलंडलात. घर पाहुण्यांनी भरलं. इकडे गोठ्यात म्हैस ओरडतेय. कास दगडासारखी टणक झालेली, पण कुणाला जवळ येऊ देईना. तुमचे चिरंजीव चरवी घेऊन बसले, लाथ खाऊन उठले. गुडघा सुजला. ते म्हणाले, पान्हा सोडवायचं इंजेक्शन आणू. तुम्ही त्या इंजेक्शनाच्या किती विरोधात होता ते मला माहीत, म्हणून मी नको म्हटलं. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मळ्याकडचे मामा सांत्वनाला आले होते, त्यांनी गोठ्यात डोकावून बघितलं आणि मला बाजूला बोलावलं. "बाये, आत्याचं लुगडं गुंडाळ आन् बस तिच्यापाशी. जनावर वासावर असतंय," म्हणाले. तुमची बाकीची लुगडी देऊन झाली होती. हे एकच गोठ्यातल्या दोरीवर राहिलं होतं, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं म्हणून. मला नऊवारी नेसता येत नाही, तेव्हा मॅक्सीवरूनच कसंतरी गुंडाळलं. रडायला आलेल्या बाया दारातून बघत तोंडाला पदर लावून हसत होत्या. म्हैस वळली, पदर हुंगला, मोठा श्वास सोडला आणि पान्हा सोडला. पहिली धार चरवीत वाजली तशी मी रडायला लागले. तीन दिवसांत माझ्या डोळ्यांतून तोवर पाणी आलं नव्हतं. ते तुमच्यासाठी होतं की सुटल्यासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

सुटले कसली, अडकले. ती म्हैस म्हातारी होऊन गेली, पण तिची रेडी माझ्या त्या अवतारातच मला बघत मोठी झाली. ती व्याली तेव्हा मी म्हटलं, हिला तुमचं काय माहीत, हिच्यापुढं असंच जाऊ. तर हिनं लाथ मारून चरवी उडवली. पुन्हा लुगडं. मग मी परत कधी विषाची परीक्षा घेतली नाही. लुगडं साबण न लावता नुसतं पाण्यातून काढायचं, गोठ्यातच वाळत घालायचं, वास जाऊ द्यायचा नाही. माहेरी लग्न असलं की अक्षता पडल्या न पडल्या तोच मी पिशवी उचलायची. वहिनी म्हणायची, जेवून तरी जा. मी म्हणायची, धारेची वेळ होते. कुणाच्या घरी मुक्काम नाही, कुठल्या देवाला गेले तर संध्याकाळच्या आत परत. तुमचे चिरंजीव बाहेरगावी चार-चार दिवस राहायचे आणि येऊन वर मलाच सांगायचे, तूही जरा फिरून येत जा.

आता यंदाची गोष्ट. तुमची नात, जिच्या वेळी तुम्ही आला नाहीत तीच, हडपसरला असते. पहिल्या बाळंतपणाला आपल्याकडं आली होती. आता दुसरं. थोरल्या पोरीची शाळा, त्यामुळं येता येत नाही. सासू नाही. तिनं फोन केला, आई, महिनाभर येऊन राहशील का? हडपसर म्हणजे काय लांब आहे? दीड तास. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "अगं, पण म्हशीचं कोण बघंल?"

ती सावकाश म्हणाली, "आई, आजीपण हेच म्हणली होती ना तुला?"

मी फोन ठेवला आणि तुमच्यावर इतकी चिडले की भाकरी करपली. माझ्या तोंडात तुमचं वाक्य तुम्ही कधी ठेवलंत? चौदा वर्षं लुगडं गुंडाळता गुंडाळता आत आणखी काय काय शिरलं, देव जाणे.

त्यानंतर आठ दिवसांनी सूनबाईनं घोळ केला. पोराचं लग्न होऊन दोन वर्षं झाली, पोरगी गुणाची आहे, पण तिला घरातलं सगळं धुतलेलं लागतं. दिवाळीची साफसफाई काढली होती. मी शेतात कांद्याची रोपं लावायला गेलेले. येऊन बघते तर तुमचं लुगडं अंगणातल्या तारेवर, ओलं, त्याला गुलाबाचा वास. मशीनमध्ये टाकलं होतं, वरून ते कपडे मऊ करायचं निळं औषध. मी जे काही बोलले ते लिहीत नाही. ती रडकुंडीला येऊन म्हणत होती, "मम्मी, मला वाटलं फडकं हाय." धारेच्या वेळी ती कधी गोठ्यात आलेली नव्हती, तिला तरी काय माहीत.

धारेची वेळ झाली. म्हैस हंबरायला लागली. लुगडं ओलं, वास गेलेला, दुसरा उपाय नाही. मी मॅक्सीवरच गेले, लाथ बसणार म्हणून एक पाय मागं ठेवून बसले. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा आंबोणात तोंड घातलं आणि पान्हा सोडला. रोजच्यासारखा. मी चरवी भरून बघत बसले. म्हणजे कधीपासून? गेल्या वर्षापासून, की पाच वर्षांपासून? मी एकदा लाथ खाल्ली आणि पुन्हा कधी बघितलंच नाही. किती लग्नांची पंगत मी सोडली, आत्याबाई. आईच्या शेवटच्या दुखण्यात एक रात्र तिच्या उशाला राहिले नाही. कशासाठी? एका वासासाठी, जो म्हशीला कधीच नकोसा झाला असेल.

त्या दिवशी मी धार झाल्यावरही तिथून उठले नाही. उठून बाहेर जाऊन काय सांगायचं? तिथं बसल्यावर मला एक आठवलं. एकदा तुम्हाला हाक मारायला मी गोठ्याच्या मागून आले होते आणि झरोक्यातून बघितलं होतं. चरवी भरून बाजूला ठेवलेली आणि तुम्ही म्हशीच्या पोटाला डोकं टेकून डोळे मिटून बसलेल्या. झोपला नव्हतात. नुसत्या बसून होतात. मी हाक न मारता परतले आणि मनात म्हटलं, आम्ही आत मरतोय कामानं आणि ह्या बघा. आता कळतंय की आठ माणसांच्या त्या घरात तेवढी एकच जागा होती जिथं तुम्हाला कुणी हाक मारू शकत नव्हतं. परकं माणूस म्हशीला चालत नव्हतं की तुम्हाला? कळलं म्हणून राग गेला असं समजू नका. मला सांगितलं असतं तर मी दाराशी उभी राहून कुणाला आत सोडलं नसतं.

बाहेर आले तर सूनबाई दारातच उभी. हळूच म्हणाली, "मम्मी, मला शिकवा की. मग तुम्हाला ताईंकडं जाता येईल." आणि माझ्या जिभेवर काय आलं असेल ते तुम्हालाच माहीत. परकं माणूस. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. मी गिळले. फार जड गेले गिळायला. ती जागा मलाही सोडवत नव्हती, हे मला तेव्हाच कळलं. मग मी माझी धारेची मॅक्सी, न धुतलेली, तिच्या हातात दिली आणि सांगितलं, ही घाल, आणि हिला मशीनमध्ये टाकलीस तर याद राख.

पंधरा दिवस शिकवलं. पहिले चार दिवस म्हशीनं तिला वाळीत टाकलं. मी शेजारी बसायची, तिच्या हातावर हात ठेवून सड कसा धरायचा ते दाखवायची. अंगठा आत दुमडू नको, ओढू नको, दाब. तुम्ही मला हे काहीच दाखवलं नव्हतंत, मी माझी मीच चुकत शिकले. दाखवताना आवाज मात्र तुमचाच लागायचा. सहाव्या दिवशी जमलं. सूनबाईनं बोटभर दूध चरवीत पाडलं आणि बक्षीस मिळाल्यासारखी माझ्याकडं बघितलं. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

आता मी हडपसरला लेकीकडं आहे. नात झाली. दुपारची वेळ, ती दुपट्यात गुंडाळून झोपली आहे, तिची आईही झोपली आहे, आणि मी थोरलीच्या शाळेच्या वहीची मागची पानं फाडून हे लिहिते आहे. ही पानं कुठं टाकायची नाहीत. तुमचं लुगडं घरी पेटीत घडी करून ठेवलंय, त्यात जातील. त्याला अजून गुलाबाचा वास येतो, तुम्हाला मुळीच आवडला नसता.

एक राहिलं. इथं आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूनबाईला फोन केला. पाच वाजल्यापासून जागी होते, सात वाजेपर्यंत कशीतरी दम धरून. विचारलं, धार दिली का? ती खुशीत म्हणाली, "दिली की मम्मी. रोजच्याएवढीच. हंबरलीसुद्धा न्हाई." मी म्हटलं, शाबास. फोन ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. तुम्ही गेलात तेव्हा तिची आई तीन दिवस अडून बसली होती, आत्याबाई. मला वाटलं होतं, माझ्यासाठी ही एक वेळ तरी अडेल.