महाशयांच्या कपाळावरचे खड्डे

३ फेब्रुवारी
खोली मिळाली, आणि अपेक्षेपेक्षा बरी. पूर्वेला खिडकी, भक्कम टेबल, पाण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत चालत अकरा मिनिटं. घरमालकीण काकू निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्या राहतात आणि दोघींपुरतं बोलतात. त्यांची अट एकच: दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीतल्या आजारी माशाचं मी बघायचं, कारण त्यांचे हात थरथरतात. मासा ऑस्कर जातीचा सिक्लिड. वीतभर लांब, काळा-नारिंगी, चेहऱ्यावर निवृत्त अधिकाऱ्याचा रुबाब. काकू त्याला ‘महाशय’ म्हणतात, तेही अहोजाहो करून. दिवसभर पाणीच तपासते, घरी आणखी थोडं तपासेन, असं मी म्हटलं. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, माणसांशी नाही जमलं तुझं, माशाशी तरी जमव.

४ फेब्रुवारी
महाशयांच्या कपाळावर पाच खड्डे आहेत. सर्वांत मोठा चार मिलिमीटर, कडा पांढुरक्या. सिक्लिडांचा हा ओळखीचा रोग. पाणी फार दिवस बदललं नाही की होतो. नायट्रेट ऐंशी निघालं, चाळीसच्या आत हवं. उपाय: एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदलणं. शोभेचे मासे विकणारा दुकानदार म्हणाला, खड्डे वाढायचे थांबतील, पण भरायला महिने लागतात. कित्येकदा भरतच नाहीत.

पाणी उपसायची नळी तोंडानं ओढून सुरू करावी लागते. मी हातपंप आणणार होते. काकू म्हणाल्या, पंपाला ते बुजतात, आधीची भाडेकरू मुलगी तोंडानंच ओढायची. नळीला तोंड लावायचं नाही, हे आम्हाला प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात. मी लावलं. ओढताना पाहिलं, महाशयांनी पाण्यातल्या टोकाला तोंड लावलं होतं. घोटभर पोटात गेलं. चव गोडसर. चूळ भरली.

८ फेब्रुवारी
तीनदा पाणी बदललं. नायट्रेट तीस. सर्वांत लहान खड्डा भरला आहे. व्रण नाही. चार दिवसांत हे होत नाही. मोजणी पुन्हा केली, चूक नाही.

प्रयोगशाळेत माझ्या कपाटाच्या कुलुपाचा आकडा आठवेना. नवी जागा, झोप कमी. नोंद करून ठेवते.

१२ फेब्रुवारी
तीन भरले. नायट्रेट तपासताना थेंब मोजायचे असतात, दहा. मोजताना मी हनुवटी किंचित हलवते. जुनी खोड आहे. आज महाशय काचेशी आले आणि हनुवटी हलवू लागले. दहा वेळा. मग थांबले.

प्रयोगशाळेत माझ्याकडून कालच्या तपासणीत सातच थेंब पडले होते. साहेबांनी अहवाल परत पाठवला. म्हणाले, तुमच्याकडून ही चूक म्हणजे कमालच. चार वर्षांत पहिली. सातनंतर काय येतं हे मला तेव्हा सुचलं नव्हतं, हे त्यांना सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी
आधीच्या मुलीबद्दल विचारलं. काकू सहज बोलल्या. बँकेत होती, फार हुशार, तोंडी हिशेब करायची. मग विसराळू झाली. भाऊ येऊन घेऊन गेला. पायऱ्या कशा उतरायच्या, तेही तिला त्यानंच सांगितलं. बोलता बोलता काकू सुईत दोरा ओवत होत्या. पहिल्याच खेपेला ओवला. हात जराही हलला नाही.

मी हाताकडे पाहतेय हे त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, “तुझ्याकडे ढीगभर आहे गं. त्यांना थोडं गेलं, तर बिघडलं कुठं?”

उद्या सकाळी निघायचं. आईला फोन केला. काय झालं ते नीट सांगता आलं नाही. ती म्हणाली, रविवारपर्यंत पोचली नाहीस तर मीच येते न्यायला.

१५ फेब्रुवारी
खोलीत भरलेली बॅग होती. कुणाची, काकूंना विचारलं. म्हणाल्या, तुझीच, आत्ताच तर आलीस, सामान लावून घे. लावलं.

मग ही वही सापडली. अक्षर माझं आहे. सगळं वाचलं. म्हणजे मला निघायचं होतं. हातावर शाईनं लिहिलं: नळीला तोंड लावू नको.

१६
हातावर लिहिलेलं आहे. ओठ ओले. तोंडात गोड.

चार भरले. उरलेला एक — एक मिली — ते छोटं माप. काकू पाठीवरून हात फिरवतात. शहाणी गं माझी, म्हणतात. दार उघडंच असतं. मी दारापर्यंत जाते आणि तिथे कशाला आले ते —

१७ किंवा
फोन वाजतो. त्यावर एक शब्द येतो. वाचता येतो. कुणाला म्हणतात तो, ते —

काकूंनी उचलला. ती मजेत आहे, म्हणाल्या.

रविवार, काकू सांगतात
खड्डा नाही. एकही. कपाळ गुळगुळीत. छान दिसतात.

एक बाई आल्या आहेत. दारात. मला हाक मारली बहुतेक. आता हात धरलाय, रडतायत. हात गरम. काकू म्हणतात बसा ना, चहा घ्या. बाई बसत नाहीत. चल म्हणतात. अनोळखी माणसाबरोबर कसं —

महाशय काचेवर आपटतायत. त्यांच्याकडेच बघत. बाईंकडे. तोंड उघडतात, मिटतात. पुन्हा तसंच. पुन्हा. ते ओळखतात यांना. त्यांना विचारते, या माझ्या कोण —