मध्यंतरानंतर

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. जळगाव

माफ कर, डायरी. आठ महिने तुला हात लावला नाही. कारणं देत नाही. कारणं मला नेहमी फार छान सुचतात.

पण आज लिहायलाच हवं! दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं लावत होते, तेवढ्यात फोनवर अनोळखी नंबरवरून निरोप आला. जसाच्या तसा उतरवून ठेवते:

"ताई, मी युवराज, वरणगावचा. 'तांब्याभर' हा माझा सिनेमा. तुमच्या चर्चच्या मंडळीच्या मासिकातलं तुमचं परीक्षण मी कापून ठेवलंय. वाचून वाटलं, तुम्ही मध्यंतरालाच उठलात. रागावू नका. शनिवारी धुळ्यात परत दाखवतोय, एका कॉलेजच्या हॉलमध्ये. या वेळी शेवटपर्यंत बसाल का?"

खरं आहे. उठले होते.

आठ महिन्यांत हे मला कोणीच विचारलं नाही. आणि आज विचारलं तर काय, चक्क बरं वाटलं! ठणकणारा दात एकदाचा उपटला की वाटतं तसं.

१२ नोव्हेंबर

"येते" असं कळवलं. दोनदा लिहून पुसलं, तिसऱ्यांदा पाठवलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जाण्याआधी एकदा सगळं नीट लिहून टाकते.

मार्च महिना. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू. दुपारी साडेतीनचा खेळ. अहिराणी सिनेमा, जळगावात, तोही आपल्याच भागातल्या पोरांनी केलेला! मी हौसेनं गेले. मध्यंतर झालं पाच वाजता. साडेपाचला नर्मदाबाईंकडे प्रार्थनासभा. घड्याळ पाहिलं, पिशवी उचलली, रिक्षा केली.

इथवर ठीक. पण सभेत मी उभी राहून साक्ष दिली! "आज मी सिनेमा अर्धा टाकून प्रभूच्या पायाशी आले." सगळे म्हणाले, आमेन. नर्मदाबाईंनी पाठीवरून हात फिरवला. किती गोड वाटलं होतं मला!

अंक दोन दिवसांत छापायला जायचा होता. मी लिहिलं. माझी बारा वर्षांची पद्धत आहे. वहीच्या डाव्या पानावर 'काय दिसलं', उजव्यावर 'मला काय वाटलं'. आत्ता ती वही काढून पाहिली. डावं पान अर्धं कोरं. उजवं गच्च भरलेलं, समासातसुद्धा.

छापून आलं ते असं: "या सिनेमात संताप आहे, सूड आहे. क्षमा मात्र शोधूनही सापडत नाही. ख्रिस्ती प्रेक्षकानं यातून घरी काय न्यावं?" धनसिंग पाळकसाहेबांनी रविवारी ते चर्चमध्ये पुलपिटावरून वाचून दाखवलं. तरुण संघाचं सगळ्यांनी मिळून सिनेमाला जायचं ठरलं होतं, ते रद्द झालं.

गंमत ही, की माझ्या साक्षीला ज्यांनी आमेन म्हटलं, त्यांनीच परीक्षणालाही माना डोलावल्या. दोन्ही गोष्टी जोडून पाहाव्यात असं एकालाही वाटलं नाही. मलाही नाही. की वाटलं होतं, आणि मी तुला आठ महिने उघडलंच नाही?

सदराचं नाव 'पाहिले, ऐकले'. शाब्बास!

१५ नोव्हेंबर, शनिवार. धुळे बसस्थानक, संध्याकाळचे साडेपाच

जळगावची गाडी लागायची आहे. उभ्यानंच लिहितेय, वही पिशवीवर टेकवून. थांबवत नाही!

काय सिनेमा आहे! काय सिनेमा आहे तो!

पहिला अर्धा भाग मला पाठ होता. केळीचा ट्रक चालवणारा जीवराम. त्याच्या गाडीखाली बेबाबाईचा एकुलता मुलगा जातो. गाव त्याला वाळीत टाकतं. बेबाबाई रोज सकाळी अंगणात उभी राहून त्याच्या नावानं शिव्या घालते. मध्यंतराला ती त्याच्या तोंडावर दार लावते. मी तेवढंच घेऊन उठले होते.

मध्यंतरानंतर जवळजवळ कोणी बोलतच नाही. जीवराम रोज येतो, दाराबाहेर बसतो, उठून जातो. ऊन वाढत जातं. एक दिवस उंबऱ्याबाहेर पाण्याचा तांब्या दिसतो. तो हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या. तिसऱ्या दिवशी आतून आवाज येतो, "पाणी ठेयेल शे. पी आन जाय." चेहरा दिसत नाही. तो पितो. एवढंच! हॉलमध्ये माझ्या शेजारी बसलेले आजोबा मोठ्यानं म्हणाले, "पेना रे भाऊ, पेना!" प्याला एकदाचा! आणि डोळे पुसू लागले. मीही.

ख्रिस्ताचं नाव एकदाही नाही. देऊळ नाही, चर्च नाही, कोणी प्रार्थना करत नाही. बारा वर्षं मी सिनेमात देवाचं नाव कुठे येतं आणि कसं येतं तेच टिपत आले. आज वाटलं, क्रुसावर ख्रिस्तालाही तहानच लागली होती. तहानलेल्याला पाणी देणं ही गोष्ट मला कोणी वेगळी समजावून सांगायला हवी होती का?

दोषही लिहून ठेवते, नाहीतर पुन्हा तेच व्हायचं. लग्नाचा विनोदी प्रसंग लांबलाय. ढोल इतका मोठा की संवाद बुडतात. सरपंच नाटकातला वाटतो.

आता खरी गोष्ट. जीवराम पाणी पितो तेव्हा मागे अंगाई सुरू होते. वाद्य नाही, नुसता बाईचा आवाज. ज्याच्यासाठी अंगाई, तो या जगात नाहीच. दुसऱ्या ओळीच्या मध्यात गाणारी श्वास घेते, शब्द तोडून. तो श्वास ऐकला आणि मी ताठ झाले. तो श्वास मला माहीत आहे! क्वायरमध्ये पाच वर्षं मी त्याच श्वासावरून एकीला टोकत आले. "ओळ संपू दे गं, मग घे."

नावं वर सरकू लागली. लोक उठले. मी बसून राहिले. अगदी शेवटी, बारीक अक्षरात: अंगाईचा आवाज – दिपमाला.

युवराज दारात भेटला. पंचविशी-तिशीतला, सडपातळ. "ताई, बसल्या शेवटपर्यंत!" म्हणाला, आणि लहान मुलासारखा हसला. मी दिपमालाचं विचारलं. तो म्हणाला, "भुसावळला एका लग्नात ऐकलं होतं तिला. नाव टाकू नका म्हणून फार विनवलं तिनं. मीच हट्टानं टाकलं. म्हटलं, तुमच्या मंडळीतलं कोणी बघेल, खूश होईल."

गाडी लागली.

१६ नोव्हेंबर, रविवार. जळगाव

नाताळच्या गाण्यांची तालीम आजपासून. दिपमाला नाही. मार्चपासूनच नाही. आधी "गळा बसलाय" असा निरोप यायचा, मग निरोपही थांबला. दवाखान्यात नर्स आहे, पाळ्यांमुळे जमत नसेल, असं आम्ही म्हणायचो. मी तर जूनमध्ये सर्वांसमोर तिच्यासाठी प्रार्थना केली होती – प्रभू, आमची बहीण विश्वासात थंड पडली आहे!

आणि आज पेटीशेजारची तिची रिकामी जागा पाहिली तेव्हा आठवलं. त्या दिवशी नर्मदाबाईंकडे पेटीशेजारी तीच बसली होती. मी अर्धाच सिनेमा पाहिला हे तिनं माझ्या तोंडून ऐकलं होतं. मग रविवारी पुलपिटावरून परीक्षण ऐकलं. आपलं गाणं दुसऱ्या अर्ध्यात आहे, हे त्या सगळ्या चर्चमध्ये तिला एकटीला माहीत होतं.

ती बोलली नाही. गायची थांबली.

उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं, दिपमालाच्या गाण्यासकट सगळं सांगितलं. म्हटलं, मला मंडळीसमोर कबूल करायचंय.

"लोक विसरले हो. उकरता कशाला? तिच्याकडे जा, दोघींत मिटवा."

"दोघींत झालंच नव्हतं ते, साहेब. पुलपिटावरून झालं."

ते चष्मा पुसत बसले. मग एकदम हसले. "खरं आहे. मी तर काहीच न बघता वाचलं. तुम्ही निदान अर्धा बघितला होतात! वाचा पुढच्या रविवारी. तुम्हीच वाचा."

घरी चालत आले नाही, जवळजवळ पळत आले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फोन उचलला दिपमालानं!

मी म्हटलं, धुळ्याला गेले होते. पलीकडून:

"शेवटपर्यंत बसल्या, ताई?"

"नावं संपून पडदा पांढरा होईपर्यंत."

"श्वास ऐकू आला असेल."

"आला."

"युवराजला म्हटलं होतं, पुन्हा घेऊ. ऐकेचना."

"बरं झालं ऐकलं नाही. तो तिथंच हवा होता."

ती हसली की रडली ते कळलं नाही. मी विचारलं, रविवारी येशील? म्हणाली, "रात्रपाळी आहे आठवडाभर. सुटून बघते." कबुलीचं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझा चांगुलपणा बघायला बोलावल्यासारखं झालं असतं. पुन्हा एक साक्ष! न सांगितलेलंच बरं. बरं ना?

१९ नोव्हेंबर

मसुदा तिसरा. 'मी' हा शब्द चौदा वेळा. कमी करायचा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कागद तयार! दोन पानं. पहिल्या पानावर मार्चचं परीक्षण, शब्दन् शब्द. दुसऱ्यावर कबुली, आणि मध्यंतरानंतरचा सिनेमा.

नवऱ्याला, स्वप्नीलला, चहाबरोबर वाचून दाखवलं. दुसरं पान ऐकताना त्यानं बिस्किट चहात बुडवून तसंच ठेवलं. ते तळाशी गेलं, म्हणजे आवडलं.

"पण सुरुवात का अशी?" म्हणाला. "उभी राहा, 'माझी चूक झाली' म्हण, मग पुढचं सांग. मंडळी काय परीक्षेला बसलीय?"

"आधी काय लिहिलं होतं ते कळलं नाही, तर चूक किती मोठी ते कसं कळणार?"

"तुला चुकासुद्धा मोजून-मापून लागतात."

"लागतात."

"मग मार्चमध्ये कुठे गेलं होतं माप?"

तरी क्रम बदलला नाही. आधी जुनं, पूर्ण, एकही शब्द न गाळता. मगच नवं. हेच प्रामाणिक आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

वाचलं!

पहिलं पान मुद्दाम सावकाश, स्पष्ट वाचलं. काहींनी सवयीनं माना डोलावल्याही! मग पान उलटलं. म्हटलं, "हे मी अर्धा सिनेमा पाहून लिहिलं. तुम्हाला मी तसं सांगितलंही होतं, आणि तुम्ही आमेन म्हणालात." मागच्या बाकावरून कोणीतरी खुसकन हसलं, मग सगळं चर्च हसलं, पाळकसाहेबसुद्धा. मग तांब्याचं सांगितलं. मग अंगाईचं. गाणारी आपल्याच क्वायरची आहे असं म्हटलं आणि नाव घेतलं. बायका वळून वळून पेटीकडे पाहू लागल्या.

उपासना सुटल्यावर गराडा पडला. तरुण संघाला सिनेमा आवारातच दाखवायचाय, पडदा लावून. पाळकसाहेबांनी युवराजला माझ्यासमोरच फोन केला. "ये बाबा, आमच्या खर्चानं ये." नाताळच्या आदल्या रविवारी ठरलं! बेकरीवाल्या झुलालभाऊंनी हात धरून विचारलं, "अक्का, ती माय शेवटी दार उघडते का?" म्हटलं, "बसून बघा, सांगणार नाही." आठ महिन्यांनी इतकं मोकळं हसले.

एकच. दिपमाला आली नाही. पाळी लांबली असेल. संध्याकाळी दोनदा फोन केला, उचलला नाही. झोपली असेल. सगळं तिच्या कानावर जाईलच, एव्हाना गेलंही असेल! पुढच्या तालमीला येईल. येईलच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नर्मदाबाई भाजीबाजारात भेटल्या. गुडघ्यांमुळे त्या नेहमी चर्चच्या दाराजवळ खुर्चीवर बसतात.

"दिपमाला उनी व्हती ना काल. नर्सना पांढरा ड्रेस तसाच अंगवर. एक चप्पल काढी, दुसरी पायमाच."

"आली होती? कधी?"

"तू वाचाले उभी राह्यनी तव्हय. 'क्षमा सापडत नाही' म्हननी ना तू, तेवढंच आयकं तिनी. चप्पल घाली आन पाठ फिरीसन चालनी गयी. मी हाक मारी, थांबनी नही."

भाजी न घेता घरी आले. कागद काढून बसलेय. पहिलं पान, पुन्हा पहिलं पान. तेही मी इतक्या स्पष्ट आवाजात वाचलं.

उद्या: तिची रात्रपाळी सकाळी आठला सुटते. कागद घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी उभं राहायचं. दुसऱ्या पानापासून सुरू करायचं.