दोन सिमचा फोन

६ जानेवारी
स्मार्टफोन घ्यायचं ठरवलं. भावनेच्या भरात नाही, नीट अभ्यास करून. ह्यांच्या जुन्या बटणांच्या फोनची बॅटरी फुगली आहे. मागचं झाकण बसत नाही, रबरबँड लावलंय. फोन गेला की नंबरही जाईल, आणि तो नंबर लागतो. बँकेचे ओटीपी त्यावर येतात.
रुचिराला बोरिवलीला फोन केला. म्हणाली, आई, बाबांचं खातं दिवाळीतच बंद केलं ना आपण, कसले ओटीपी? म्हटलं, येतात कधीकधी. पोरगी स्वतः बँकेत आहे, पण म्हणून तिला सगळंच माहीत असतं असं नाही.

८ जानेवारी
दुकानाचं पत्रक दोनदा वाचलं. शाळा सातवीत सुटली, वाचणं सुटलं नाही. रॅम म्हणजे ओटा, स्टोरेज म्हणजे फडताळ. ओटा लहान असेल तर फडताळ कितीही मोठं असो, स्वयंपाक रखडणारच. हे पत्रकात नाही, मीच काढलं.
कॅमेरा पन्नास मेगापिक्सेल. फोटो कुणाचे काढायचे, ते मागाहून बघू.
संध्या. ६.३० : माझ्या फोनवरून ह्यांच्या फोनला एक रिंग दिली. नेटवर्क तपासायला. ठीक आहे.

११ जानेवारी
घाटकोपर स्टेशनजवळ केयूरभाईच्या दुकानात गेले. म्हणाला, काकी, कॅमेरा बघा, एकदम झकास, नातवंडांचे फोटो मस्त येतील. म्हटलं, नातवंडं नाहीत अजून. मग तो बॅटरीवर आला.
मी विचारलं, दोन सिम बसतात का? बसतात म्हणाला, पण दुसऱ्या खाचेत एक तर सिम नाहीतर मेमरी कार्ड. फोटो पाहिजे की नंबर, तुम्ही ठरवा. आणि दुसरा नंबर कोणाचा, काकी? म्हटलं, घरातलाच.
विचार करून सांगते म्हणाले. घाई करणाऱ्यांना दुकानदार गंडवतात.
६.३० : नेटवर्क ठीक.

१४ जानेवारी
संक्रांत. समोर मीराकडे हळदीकुंकू. मला तिने दारातच तिळगूळ आणून दिला. म्हणाली, वहिनी, बोलावणारच होते हो, पण सासूबाई आहेत ना घरात. म्हटलं, अगं, मला कुठे वेळ, प्रोसेसरचं वाचायचंय. दार लावून वाचलं. आवाज फार येत होता, डोक्यात शिरलं नाही.
हे वर्कशॉपवरून यायचे, तेव्हा बसमधून उतरले की एक रिंग द्यायचे. उचलायचा नाही, पैसे जातात. एक रिंग म्हणजे, च्याय ठेव गो. जिना चढेपर्यंत चहाला उकळी यायची. माझ्या रिंगचा याच्याशी संबंध नाही. माझं नेटवर्कचं आहे.

१८ जानेवारी
घेतला! निळा. मेमरी कार्ड नको म्हटलं, दोन सिम. दोन्ही सिम मोठी होती, केयूरभाईने कापून बसवली. अंगठ्याने उघडायची सोय आहे, पण माझा अंगठा घेत नाही. लसूण सोलून रेषा गेल्या असतील.
आता दोन्ही नंबर एका छपराखाली. रुचिराला रोज व्हिडिओ कॉल. पुस्तकं वाचायची, गावच्या देवळाच्या ग्रुपवर जायचं. जुन्याला कवटाळून बसणाऱ्यांतली मी नाही.
६.३० : माझ्या नंबरवरून ह्यांना रिंग दिली. वाजली नाही. बाई म्हणाली, ह्या व्यक्तीशी सध्या संपर्क होऊ शकत नाही. परत लावला. परत तीच बाई.
आज चहा नकोच होता.

१९ जानेवारी
दोन्ही फोन घेऊन दुकानात. सांगितलं, नवा बिघडलेला आहे. केयूरभाई हसला. काकी, दोन्ही सिम एकाच फोनमध्ये, एकावरून लावला की दुसरं झोपतं. आपणच आपल्याला कसा लावणार? मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. म्हटलं, नेटवर्क तपासत होते.
ह्यांचं सिम काढून प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलं आणि जुन्या फोनमध्ये घातलं. फुगलेली बॅटरी काढून ड्रॉवरमधली नवी टाकली. झाकण टक्कन बसलं. म्हणाला, आधी हाच आणायचा ना, काकी! रिकाम्या खाचेत मेमरी कार्ड टाकू का? फोटो भरपूर मावतील.
म्हटलं, राहू दे.

२० जानेवारी
रुचिराला व्हिडिओ कॉल लावला. छत दिसलं, मग तिचा कान. म्हणाली, आई, ऑफिसात आहे गं, रविवारी बोलू.
नवा फोन उत्तम आहे. टॉर्चचा उजेड चांगला पडतो.
६.३० : ह्यांचा फोन फडताळात, साखरेच्या डब्यावर ठेवला. रबरबँडची गरज नाही आता, तरी राहू दिलंय. नव्या फोनवरून एक रिंग दिली. वाजला. डबा थरथरला. चहा ठेवला, दोन कप झाला.
कुणी उचलला नाही. बरोबरच आहे. उचलायचा नसतोच, पैसे जातात.