मे महिन्यासाठी दोन खाटा

देविन, ३ मार्च

प्रिय नेदाताई,

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते, लोकरीचे मोजे घालते. तुझा गुडघा कसा आहे? मलम लावतेस ना?

मे महिन्यात सायकलवरून हे डोंगर ओलांडायचं स्टामेननं आणि मी ठरवलं होतं. आता मी एकटी जाणार. सध्या बसने फिरून रस्ता बघते आणि मुक्काम ठरवते. तो जिथं जिथं उतरायचा, त्या दारांवर आपल्या रीतीप्रमाणे तो जाऊन सहा महिने झाल्याचा, त्याच्या फोटोचा स्मरणकागदही डकवते. चार दारं झाली.

पाचव्या दारात सेवदाआजी आडवी आली. "एकटीच? तुझा स्टामेन मास्तर घरी सायकल पुसत बसला असेल! सांग त्याला, दोन खाटा राखून ठेवल्यात. आणि या खेपेला माझ्या बटाट्याच्या पोळीला नावं ठेवायची नाहीत म्हणावं!"

"सांगते," मी म्हणाले. कागद पिशवीतच राहिला.

खोटं बोलणाऱ्या मुलांना मी तीस वर्षं वर्गाबाहेर उभं केलं, म्हणून तुला कळवते. रागावू नकोस. मे महिन्यात मी एकटी तिच्या अंगणात उतरले की तिला कळेलच. तोवर एका घरात तरी तो जिवंत असू दे.

थंडीत बाहेर पडू नकोस.

तुझी धाकटी,
यान्का