नोटीस बोर्डावर लागू दे

आई,

तुझ्या दुसऱ्या लग्नाला मी नव्हते. आदल्या दिवशी तू मला मावशीकडे ठेवलंस आणि सकाळी तिनं मला घोटीजवळच्या एका अनोळखी घरी आणून सोडलं. चुलीपुढे तू बसली आहेस, हातात नव्या हिरव्या बांगड्या, परातीत पीठ मळते आहेस. "आई, हे कुणाचं घर?" मी विचारते. "आपलंच. गप बस, भाकर खाय." विधवेचं लग्न म्हणजे पाट, तो अंधारात लावायचा, वाजंत्री नाही, पाहुणे नाहीत, हे मला फार नंतर कळलं. माझ्या लग्नात तू हळद लावायला पुढे झालीस, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "पाटाच्या बाईनं नको." तू पदराला हात पुसत मागे सरलीस. हात कोरडेच होते.

आता मी लग्न करते आहे. तुझे जावई जाऊन बरीच वर्षं झाली. ज्यांच्याशी करते आहे ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेत, त्यांचीही बायको वारली आहे. ओळख वाचनालयातली. भाजी बांधून आलेल्या कागदांवर मी अक्षरं लावत बसायचे, ते तू पाहिलंयस. त्यामुळे नियम स्वतःच वाचून नाशिकच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं, "दोघांच्या आधीच्या जोडीदारांचे मृत्यूचे दाखले, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार. देवळात लग्न करून नंतर नोंदणी केली तरी चालेल. नाहीतर आधी नोटीस द्या. ती तीस दिवस बोर्डावर राहते, कुणाची हरकत नसली की इथेच लग्न." तुझ्या जावयाचा दाखला मी टेबलावर ठेवला. त्यावरून हात उचलायला वेळ लागला. मग म्हटलं, "नोटीस द्यायची आहे."

दीर रागावले. "वहिनी, देवळात गुपचूप हार घाला अन् मोकळ्या व्हा. बोर्डावर कशाला? आख्खा गाव वाचील."

"वाचू दे. गावात शाळा काढली ती कशाला?"

"मी हरकत घेईन."

"घ्या. पण आधीचा नवरा जिवंत आहे, वय कमी आहे, असं काहीतरी दाखवावं लागतं. मला लाज वाटते, ही हरकत होत नाही, भाऊजी. मी वाचलंय."

ते उठून गेले. अजून बोलत नाहीत. साक्षीला नणंद येणार आहे, तुझ्या जावयाची सख्खी बहीण. दुपारी लग्न करायचं, भर उन्हात, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तू तर कधीच गेलीस, हे पत्र कुठे टाकणार? आणि मिळालं असतं तरी तुला दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. म्हणून ते माझ्याजवळच ठेवते. फक्त एक सांगते. आज काही काम नसताना रिक्षा करून बोर्डापुढे जाऊन उभी राहिले. शेजारच्या माणसानं विचारलं, "मावशी, पोरीचं लग्न का?" "नाही," मी म्हटलं, "माझं." मोठ्यानं म्हटलं. पण म्हणताना पदराला हात पुसले, आई. कोरडेच होते.