संयोजक निरंजन कसोटे यांचं उपासना-वर्ष

१ डिसेंबर, रविवार. दुपारी ३
आज चर्चच्या पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीसमोर माझं नाव घेतलं. उपासना समितीचे संयोजक, श्री. निरंजन कसोटे. टाळ्या पडल्या. पहिली टाळी किरणची. नेपानगरच्या पेपर मिलमध्ये सव्वीस वर्षं आम्ही एका शिफ्टला होतो. आता रिटायर होऊन दोघंही बुऱ्हाणपुरात. चर्चमध्ये तो पेटी वाजवतो. असा पक्का माणूस दुसरा नाही.
पूर्णिमाचं म्हणणं, समितीत यायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. बायकोला नवऱ्याचं कौतुक नसतं.
संकल्प: नाताळआधीच्या आगमनकाळापासून ईस्टरपर्यंत प्रत्येक सणाला एक नवी कल्पना. तीच ती गाणी आणि उठा-बसा बंद.

८ डिसेंबर, रविवार
आगमनकाळाचा दुसरा रविवार. कल्पना: अंधारातून प्रकाशाकडे. दिवे बंद, खिडक्यांना चादरी, पुढे फक्त दोन मेणबत्त्या. वातावरण एकदम जबरदस्त.
किरकोळ अडचण: गीताचं पुस्तक कुणाला दिसेना. डावीकडचे एक गीत म्हणत होते, उजवीकडचे दुसरं, आणि किरण पेटीवर तिसरंच वाजवत होता. नीट गात होत्या त्या फक्त मालूबाई. मिशनच्या दवाखान्यात आया होत्या, आता पंचाहत्तरीच्या. त्यांना सगळंच पाठ आहे, म्हणून त्या हिशेबात धरता येत नाहीत.

२५ डिसेंबर, बुधवार
बाळ येशूला पाहायला मागी लोक, म्हणजे तिघं ज्ञानी, पूर्वेकडून आले, असं वचन आहे. आमच्या चर्चला पूर्वेला दार नाही, खिडकी आहे. मग खिडकीतून आणले. पहिले दोघं आले. तिसरा किरण. तो अर्धा आत आला आणि अडकला. 'गौरव, गौरव' हे गीत चालू असताना चौघांनी ओढून काढला. गुडघा सोलवटला.
बाहेर म्हणाला, "यार निरंजन, दरवाजेसे आ जाते तो येशू वापस जाता क्या?" पण हसत म्हणाला. मित्र असावा तर असा.

६ मार्च, गुरुवार
कालपासून उपवासकाळ. कल्पना: चाळीस दिवस व्हॉट्सॲपचा उपवास. कोण मोडतं ते पाहायला मी ऑनलाइन राहिलो. एकोणीस जण मोडताना सापडले. त्यांना मेसेज टाकून समज दिली. मंडळीतल्या आशाबाईंनी उलट विचारलं, "मग तुम्ही?" जबाबदारीच्या माणसाला नियम वेगळे असतात, हे लोकांना कळत नाही.

१२ एप्रिल, शनिवार
उद्या झावळ्यांचा रविवार. दरवर्षी त्याच शिंदीच्या झावळ्या. आपण केळीच्या गावात राहतो. मग येशूचं स्वागत केळीच्या पानांनी का नाही? लोटू पाटलाच्या मळ्यात जाऊन साठ पानं कापून घेतली.
लोटू म्हणाला, "साहेब, ताजी पानं आहेत. चीक गळतो. कपड्याले लागला तर जिंदगीभर निघत नाही."
शेतकरी माणूस. प्रतीक म्हणजे काय ते त्याला कुठून कळणार! सगळ्यांनी पांढरे कपडे घालून यावं असा मेसेज ग्रुपवर टाकला. पांढऱ्यावर हिरवं उठून दिसतं.

१३ एप्रिल, रविवार
होसान्नाचा गजर छान झाला. फोटोही चांगले आले.
दुपारी तीनपासून फोन. डाग काळे पडले आहेत. पाळकसाहेबांच्या झग्यावरसुद्धा. मालूबाईंनी ईस्टरला ठेवलेली पांढरी साडी आज माझ्या सांगण्यावरून नेसली होती म्हणे. लिंबू लावा, असं सगळ्यांना कळवलं. लिंबानं डाग आणखी पसरला.
लोटूनं जरा जोर देऊन सांगायला हवं होतं.

१६ एप्रिल, बुधवार
गुड फ्रायडेच्या उपासनेत मालूबाई दरवर्षी शेवटी एक विलाप गातात. आईकडून शिकलेला, सात कडव्यांचा. पेटी नाही, काही नाही. एकट्या उभ्या राहतात आणि लोक रडतात. मी आज मुद्दाम घरी जाऊन सांगितलं, "येशूच्या क्रुसावरच्या सातव्या उद्गारानंतर तुमचं गाणं. पक्कं." त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "मला वाटलं होतं, यंदा नवीन आहे म्हणजे मी नाही."
असं कसं म्हणता, म्हटलं. मी काय राक्षस आहे?

१८ एप्रिल, गुड फ्रायडे. संध्याकाळी ५
बाहेर त्रेचाळीस डिग्री. आत माझी कल्पना: सात उद्गार, सात स्लाइड, प्रोजेक्टर, आणि शेवटी येशूच्या मरणावेळी झालेल्या भूकंपाचा आवाज. तीन दिवस खपलो होतो.
सहाव्या उद्गारापर्यंत लोक गारद झाले होते. सातव्याला संपूर्ण शांतता. मी भूकंपाचं बटन दाबलं आणि स्पीकरमधून एक बाई बोलली, "युवर डिव्हाइस इज कनेक्टेड." पोरं हसली. पोरांच्या आया पण हसल्या. मी परत दाबलं, तिनं परत सांगितलं. भूकंप शेवटी झालाच, पण पाळकसाहेब आशीर्वादाला उठले तेव्हा.
या सगळ्यात पंचवीस मिनिटं जास्त गेली. मालूबाई उभ्या राहिल्या होत्या. मी हातानं खुणावलं, बसा. बसल्या. समजूतदार बाई.

१९ एप्रिल, शनिवार

उद्याच्या ईस्टरची कल्पना सांगायला शनवारा मोहल्ल्यात किरणच्या घरी गेलो. दाराबाहेर चपलाच चपला. पाळकसाहेबांचे काळे सँडल. आशाबाईंच्या निळ्या चपला. आणि पूर्णिमाच्या! मी स्वतः मोच्याकडून अंगठा शिवून आणलेल्या चपला मला ओळखू येणार नाहीत? मला तर सांगून गेली होती, दळण आणते.
आतून किरणचा आवाज आला, "निरंजनला नका सांगू, तो गडबड करेल."
सव्वीस वर्षं! एका डब्यात जेवलो आम्ही. येशूलाही शिष्यानंच दगा दिला, पण त्याला निदान बायको तरी नव्हती.
बेल न वाजवता परत आलो. पूर्णिमा आली तेव्हा विचारलं, दळण कुठे? म्हणाली, चक्की बंद होती. आता मी तिच्याशी बोलणारच नाही.

२० एप्रिल, ईस्टर
गेलो नाही. संयोजक नाही म्हटल्यावर धावत येतील, या हिशेबानं पहाटे चारलाच कपडे घालून बसलो. पाच वाजता पूर्णिमा म्हणाली, येताय? मी भिंतीकडे पाहिलं. ती गेली.
कुणी धावत आलं नाही. नऊ वाजता ग्रुपवर फोटो: लोक हसताहेत, गळ्यात गळे, उकडलेली अंडी. एकही कल्पना नाही. तरी हसताहेत.
राजीनामा टाकला, चार परिच्छेदांचा. पाळकसाहेबांनी अंगठा पाठवला.

४ मे, रविवार
चौदा दिवस अबोला. आज पूर्णिमानं ताट पुढे ठेवलं आणि समोरच बसली. म्हणाली, "तुम्हाला काय वाटलं, आम्ही तुम्हाला काढायला जमलो होतो?"
मग सांगितलं. मालूबाई शुक्रवारी घरी जाऊन अंथरुणावर पडल्या त्या जेवायलाही उठल्या नाहीत. आता मी चर्चमध्ये गाणार नाही, म्हणाल्या. किरणकडे त्या दिवशी सगळे जमले होते ते ईस्टरला त्यांना कसं आणायचं हे ठरवायला. पाळकसाहेब स्वतः त्यांच्या घरी गेले. त्या आल्या नाहीत. त्यानंतर एकाही रविवारी आल्या नाहीत.
मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलं?
ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही त्यांच्या दारात प्रोजेक्टर लावला असता."
हे बोलणं मला लागलं. पण जेवण पूर्ण केलं.

१० मे, शनिवार
ठरलं. उद्या मालूबाईंकडे जाणार. माफी मागणार. स्पष्ट, एका वाक्यात: मी शब्द दिला आणि मोडला. आरशासमोर पाच वेळा म्हणून पाहिलं. चांगलं जमतं. मोठ्या मनाचा माणूसच असं करू शकतो.

११ मे, रविवार
गेलो. मालूबाई ओट्यावर बसल्या होत्या. बारीक झाल्यात. खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनीच हात जोडले.
"निरंजनभाऊ, त्या दिवशी माझी चूक झाली. तुमचं एवढं मोठं काम चाललं होतं आणि मी बिनबोलावता मधेच उभी राहिले. वय झालं, कळत नाही. मनात ठेवू नका."
मी एक वाक्य पाठ करून गेलो होतो. ते समोर होतं. नुसतं म्हणायचं होतं.
मी म्हणालो, "असू द्या."
त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, तुमचं मन मोठं आहे. पुढच्या रविवारी या, म्हटलं. येईन, म्हणाल्या, मागे बसेन. गाण्याचं विचारलं. म्हणाल्या, "नको आता. ते राहू द्या."
घरी आलो. पूर्णिमानं दारातच विचारलं, मागितली माफी?
मी म्हटलं, मिटलं सगळं.
तिला इतका आनंद झाला की तिनं लगेच किरणला फोन लावला. अर्ध्या तासात तो आला, मावा जलेबीचा पुडा घेऊन. मला कडकडून मिठी मारली. म्हणाला, "मान गए यार. माफी मागायला जिगर लागते." पाळकसाहेबांचाही फोन आला. पुढच्या रविवारी प्रवचनात माझं उदाहरण देणार आहेत.
जलेबी गरम होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तीन खाल्ल्या.